पॅरिसमध्ये एकच दिवस आहे? मग या चुका टाळा

नोत्र दाम कॅथेड्रलपासून लूव्र संग्रहालयापर्यंत सेन नदीच्या काठाने रमतगमत गेलं तरी साधारण वीस मिनिटं लागतात. पॅरिसचा मध्यभाग इतका आटोपशीर आहे. तरीही सकाळी पाच ठिकाणांची यादी घेऊन निघालेल्या बऱ्याच जणांची संध्याकाळपर्यंत दोनच पाहून होतात, कारण रांगा, सुरक्षा तपासण्या आणि मेट्रोमधले जिने दिवस खाऊन टाकतात. आमचा सल्ला स्पष्ट आहे: वेळेचं तिकीट लागणारी दोनच ठिकाणं घ्या, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. मधला वेळ पायी फिरण्यासाठी ठेवा.

वार न पाहता बेत आखणे

लूव्र मंगळवारी बंद असतं. ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद असतात. त्यामुळे लूव्रचे लोक मंगळवारी ओर्सेकडे वळतात आणि ओर्सेचे सोमवारी लूव्रकडे, म्हणून हे दोन वारही टाळलेले बरे. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री ९ पर्यंत, तर ओर्से गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं. यातला एखादा वार मिळाला तर संग्रहालय संध्याकाळी घ्या आणि दिवसाचा उजेड रस्त्यांसाठी ठेवा. १ मे रोजी मात्र संग्रहालयाचा बेतच नको.

व्हर्साय याच दिवसात बसवू नका. जाणं-येणं, तपासणी, राजवाडा आणि बागा यांतच दिवस संपतो.

लूव्रच्या चुकीच्या स्टेशनवर उतरणे

मेट्रोच्या १ नंबरच्या मार्गावर ‘लूव्र-रिव्होली’ नावाचं स्टेशन आहे. नाव वाचून लोक तिथे उतरतात. संग्रहालयाच्या मुख्य दारासाठी, म्हणजे काचेच्या पिरॅमिडसाठी, त्याच्या शेजारचं ‘पॅले रोयाल-म्युझे द्यु लूव्र’ हे स्टेशन सोयीचं. तिथून जमिनीखालच्या कारुझेल दुकानगल्लीतूनही संग्रहालयात शिरता येतं. पाऊस असेल तेव्हा हाच रस्ता घ्यावा.

तिकीट वेळेचं असतं, आणि त्यावरच्या वेळेपासून अर्ध्या तासात आत घेतात. ५५ × ३५ × २० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत चालत नाही. त्यामुळे हॉटेल सोडून सूटकेससह थेट लूव्र गाठण्याचा बेत दारातच फसतो.

आत गेल्यावर सगळेजण बाणांमागून मोनालिसाकडे धावतात. ते चित्र देनाँ विभागात पहिल्या मजल्यावर, ७११ क्रमांकाच्या दालनात आहे. ते पाहायचंच असेल तर सकाळच्या पहिल्या वेळेचं तिकीट घ्या आणि आधी तिकडेच जा. त्याच दालनात समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझे या चित्रकाराचं ‘काना गावातलं लग्न’ हे प्रचंड मोठं चित्र आहे. गर्दीची पाठ त्याच्याकडे असते, म्हणून ते निवांत पाहता येतं. एकच दिवस असेल तर लूव्रला तीन तास पुरे. त्यानंतर डोळे थकतात आणि पाय नुसते चालत राहतात.

आयफेल टॉवरचं तिकीट तिथे जाऊन काढणे

लिफ्टची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर ६० दिवस आधी खुली होतात आणि हंगामात भराभर संपतात. ती मिळाली नाहीत तर तिकीट मिळवून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. जिन्याचं तिकीट पाहा. दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत. गुडघे धड असतील तर चढ अवघड नाही, आणि लोखंडी सांगाडा इतक्या जवळून लिफ्टमधून दिसत नाही.

शिखराचंच तिकीट हवं हा हट्टही सोडा. दुसऱ्या मजल्यावरून वर जायला वेगळी लिफ्ट आणि वेगळी रांग असते, आणि वारा वाढला की शिखर बंद करतात. दुसऱ्या मजल्यावरून इमारती ओळखू येतात. शिखरावरून शहर नकाशासारखं सपाट दिसतं.

तपासणी दोनदा होते, एकदा काचेच्या कुंपणापाशी आणि पुन्हा चढण्याआधी. तिकिटावरच्या वेळेच्या किमान अर्धा तास आधी पोहोचा. काचेची बाटली जवळ नको. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला टॉवर पाच मिनिटं लुकलुकतो, आणि हे दृश्य टॉवरच्या बाहेरून पाहायचं असतं. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे आठला टॉवरसमोरच्या त्रोकादेरोच्या गच्चीवर जाऊन काही हाती लागत नाही.

तिकीट मिळालंच नाही तर विजय कमानीवर, म्हणजे आर्क द त्रिओम्फवर चढा. २८४ पायऱ्या आहेत, आणि वरून दिसणाऱ्या देखाव्यात आयफेलही असतो. कमानीभोवती बारा रस्ते येऊन मिळतात, म्हणून तो चौक रस्त्यावरून ओलांडायचा प्रयत्न करू नका. शाँझेलिझे रस्त्याच्या पदपथावरून भुयारी मार्ग आहे.

नोत्र दामसाठी पैसे देणे

२०१९ च्या आगीनंतर हे कॅथेड्रल डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. आत जायला पैसे लागत नाहीत आणि अधिकृत आरक्षणही मोफत असतं. प्रवेशाचं तिकीट म्हणून कोणी पैसे मागत असेल तर तो फसवतो आहे. आरक्षण नसेल तरी रांग सरकत राहते.

जवळच्या सेंत शापेल या चर्चचं मात्र वेळेचं तिकीट आधी घ्या. ते न्यायालयाच्या आवारात असल्यामुळे तपासणी कडक असते. कात्री, चाकू काहीही जवळ नको. वरच्या मजल्यावरच्या पंधरा उंच रंगीत काचांच्या खिडक्यांसाठी उन्हाची वेळ निवडा. ढगाळ दिवशी त्यांचं निम्मं तेज जातं.

मेट्रोत होणारे घोळ

जानेवारी २०२५ पासून मेट्रो आणि आरईआर या उपनगरी रेल्वेचं तिकीट २.५० युरो झालं आणि बस-ट्रामचं २ युरो. दोन्ही वेगळी आहेत. मेट्रोतून उतरून त्याच तिकिटावर बस पकडली तर तपासनीस दंड करतो. तिकिटं भरून ठेवायचं नाविगो ईझी कार्ड प्रत्येकाचं स्वतःचं हवं. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. त्याच वर्षी दिवसभराचा पास १२ युरोंचा होता, म्हणजे पाचव्या प्रवासापासून तो परवडतो. पायी फिरायचं असेल तर सुटी तिकिटंच स्वस्त पडतात. तिकीट किंवा कार्ड बाहेर पडेपर्यंत जपून ठेवा, तपासणी बाहेरच्या वाटेवरही होते.

फलाटावर दिशा लिहिलेली असते ती मार्गाच्या शेवटच्या स्टेशनच्या नावाने. उलट्या दिशेला गेलात तर पुढच्या स्टेशनवर उतरा, पण ‘सोर्ती’ लिहिलेल्या पाटीमागे जाऊ नका. सोर्ती म्हणजे बाहेर, आणि बाहेर पडलात की नवं तिकीट. मार्गाचा क्रमांक पाहत आतूनच दुसऱ्या फलाटावर जा.

शातले-ले आल इथे गाडी बदलणं शक्यतो टाळा. त्या भुयारांत दहा मिनिटं सहज जातात. मोंमार्त्रच्या टेकडीवर जाताना आबेस स्टेशनवर उतरलात तर लिफ्ट घ्या, कारण ते स्टेशन जमिनीखाली ३६ मीटर आहे आणि गोल जिना संपता संपत नाही. संप असेल त्या दिवशी १, ४ आणि १४ या मार्गांवर भिस्त ठेवा. त्यांच्या गाड्या चालकाविना धावतात, त्यामुळे सहसा चालू असतात.

जेवणाची वेळ चुकवणे

बहुतेक उपाहारगृहांत दुपारचं जेवण १२ ते २ मध्ये मिळतं, आणि रात्रीचं सात-साडेसातनंतर. चारला भूक लागली तर बेकरी गाठा. साधं पाणी मोफत मिळतं, मात्र ‘उन काराफ दो’ असं मागा. नुसतं ‘वॉटर’ म्हटलं तर विकतची बाटली येते. शाकाहारी मंडळींनी दोन गोष्टी विचाराव्यात: चीजच्या सॅलडमध्ये ‘लार्दाँ’, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे आहेत का, आणि सूप कशात शिजवलंय. ‘गॅलेत काँप्लेत’ या धिरड्यात हॅम असतं. ‘मारे’ नावाच्या भागातल्या र्‍यू दे रोझिए रस्त्यावरचं फलाफल पोटभर असतं, पण तिथली बरीच दुकानं शनिवारी बंद असतात.

रस्त्यावरची स्वयंचलित स्वच्छतागृहं मोफत आहेत. आधीचा माणूस बाहेर येताच उघड्या दारातून आत घुसू नका. प्रत्येक वापरानंतर दार बंद होऊन आतली धुलाई होते. ती संपल्यावर पुन्हा दार उघडेल.

फोन दाराजवळ हातात धरणे

मेट्रोची दारं बंद होण्याच्या क्षणी फोन हिसकावून चोर फलाटावर उडी मारतो. दारापासून आत उभे राहा आणि नकाशा फलाटावरच पाहून घ्या. सॅक्रे कर चर्चच्या पायऱ्यांवर मनगटात दोरा बांधायला येणाऱ्यांपुढे हात खिशातच ठेवा. सही मागत कागद पुढे करणारे आणि जमिनीवरून ‘सोन्याची’ अंगठी उचलून देणारे, दोघांनाही ‘नाँ’ म्हणून चालत राहा. कागदाआड दुसरा हात तुमच्या पिशवीत असतो.

चोरी झालीच तर आधी बँकेचं कार्ड बंद करा. मग जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा आणि तिची प्रत सांभाळा. विम्यासाठी आणि पासपोर्ट गेला असेल तर दूतावासातही ती लागते. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक चालतो. दुसरं कार्ड आणि पासपोर्टची प्रत हॉटेलच्या खोलीत ठेवूनच सकाळी निघा.