ओळखीच्या इंग्रजी शब्दांमुळे होणारी फसगत: या चुका टाळा

वडोदऱ्यातील मराठी घरांत मुलांच्या कानांवर रोज तीन-चार भाषा पडतात आणि त्यांत मिसळलेले इंग्रजी शब्द ती शाळेत जाण्यापूर्वीच बोलू लागतात. इंग्रजी शिकवताना माझ्या लक्षात आले आहे की, अनोळखी शब्दापाशी विद्यार्थी थांबतो आणि शब्दकोश उघडतो. मात्र लहानपणापासून तोंडात असलेला शब्द तपासावा, असे त्याला वाटतच नाही आणि तो तिथेच फसतो.

‘स्टेपनी’ हा शब्द घ्या. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून हे नाव आले. तेथील एका व्यवसायाने १९०४ च्या सुमारास मोटारींसाठी जादा चाके बनवण्यास सुरुवात केली होती. आपल्याकडे नाव टिकले, पण आजच्या ब्रिटिश वाचकाला ‘स्पेअर व्हील’ म्हटले तरच कळते. ‘डिकी’चेही तसेच आहे: ब्रिटनमध्ये तिला ‘बूट’ म्हणतात, अमेरिकेत ‘ट्रंक’. ‘झेरॉक्स’ हे कंपनीचे नाव असल्याने लेखनात ‘फोटोकॉपी’ लिहावे. आपण शेव-उसळ खायला ‘हॉटेल’मध्ये जातो, परंतु इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा.

‘पास आउट’ अधिक घातक आहे. लष्करी प्रशिक्षण सोडले, तर या शब्दांचा रूढ अर्थ बेशुद्ध पडणे असा आहे. त्यामुळे पदवीधर झाल्याचे सांगताना ‘ग्रॅज्युएटेड’ हेच क्रियापद वापरावे. ‘प्रीपोन’ला मात्र मी चूक मानत नाही, कारण भारतीय इंग्रजीतील शब्द म्हणून त्याची नोंद शब्दकोशांत झालेली आहे. भारताबाहेरच्या वाचकासाठी लिहिताना ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणावे, एवढेच.

काही चुकांचे मूळ मराठीतच असते. आपण दारही बंद करतो आणि पंखाही बंद करतो, म्हणून ‘क्लोज द फॅन’ असे वाक्य सहज तयार होते; विजेच्या उपकरणासाठी ‘स्विच ऑफ’ किंवा ‘टर्न ऑफ’ हवे. ‘पाच वर्षांपासून’मधील ‘पासून’ पाहून विद्यार्थी ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ लिहितात. कालावधी सांगायचा असेल तर ‘फॉर’ आणि आरंभबिंदू सांगायचा असेल तर ‘सिन्स’, हे दोन-दोन वाक्ये करून पक्के करावे. मामेभाऊ, आतेभाऊ, चुलतभाऊ हे भेद इंग्रजीत नाहीत; ‘कझिन’ पुरतो, पुढे ‘ब्रदर’ जोडू नये.

उच्चाराचा मुद्दा आपल्या शहराला विशेष लागू होतो. गुजराती पाट्यांवर अर्धचंद्र पुष्कळदा गाळला जातो, आणि त्या वाचून वाढलेली मराठी मुलेही ‘हॉल’ला ‘होल’ म्हणतात. ‘स्नॅक्स’चे ‘स्नेक्स’ झाले की पाहुण्यांपुढे साप वाढले जातात! मराठीत ॲ आणि ऑ ही चिन्हे आहेत. शब्दांच्या वहीत उच्चार लिहिताना ती वापरावीत.

सामान्य ज्ञानातही हेच घडते. ऑस्ट्रेलियाची राजधानी म्हणून प्रसिद्ध सिडनी लिहिले जाते, प्रत्यक्षात ती कॅनबेरा आहे. तुर्कस्तानची इस्तंबूल नसून अंकारा आहे. ‘इंग्लंड’ आणि ‘युनायटेड किंग्डम’ हे समानार्थी समजू नयेत, कारण दुसऱ्यात स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडही येतात. थोरल्या भावंडांची जुनी पुस्तके वापरणाऱ्यांनी प्रकाशनवर्ष पाहावे: प्लूटो २००६ पासून ग्रहांच्या यादीत नाही आणि स्वाझीलँडचे नाव २०१८ मध्ये एस्वातिनी झाले.

आपल्या शहराचे नाव इंग्रजी पत्त्यात ‘वडोदरा’ असेच लिहावे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०८ मध्ये स्थापन केलेली बँक मात्र ‘बँक ऑफ बडोदा’च आहे, विशेषनामातील गाव आपण होऊन बदलू नये.