तिबोटी खंड्याचं घरटं पाहायचं तर

रायगडचा हा जिल्हापक्षी चिमणीहूनही लहान: लांबी १३ सेंटिमीटरच्या आसपास, वजन जेमतेम १५ ग्रॅम. पायाला तीनच बोटं, म्हणून तिबोटी. नदीकाठी तारेवर उघडा बसलेला दिसतो तो साधा खंड्या. हा झाडीतल्या ओहोळाच्या सावलीत, कमरेएवढ्या उंचीच्या फांदीवर शोधावा. चोच पोवळ्यासारखी लाल, पोट पिवळं.

पाऊस लागला की कर्नाळा, फणसाड, चिपळूणच्या बाजूला जोड्या दिसू लागतात. आधी कानावर येते बारीक, टोकदार शिट्टी. आवाज आला की जागीच थांबा.

घरटं मातीच्या उभ्या दरडीत असतं. ओहोळाचा काठ बघा, पायवाटेची कापलेली कडही सोडू नका. भोकाचं तोंड चार-पाच सेंटिमीटर, आत बोगदा कधी कधी मीटरभर. नर-मादी दोघंही खणतात. खणणं आणि अंडी हा सगळ्यात नाजूक काळ. या दिवसांत त्रास झाला तर जोडी घरटं सोडून देते. म्हणून तेव्हा लांबूनच परत फिरा. अंडी साधारण १७ दिवस उबवतात, पुढे पिलं २० दिवस बिळात राहतात. पाहायला जायचं ते पिलांच्या या दिवसांत.

पिलं झाली हे चोचीवरून कळतं. स्वतः खायचं असेल तर पक्षी सापसुरळीचं डोकं घशाकडे धरतो. पिलांसाठी नेताना तेच डोकं चोचीच्या टोकाकडे असतं, म्हणजे पिलाला ती डोक्याकडून गिळता येते. त्याआधी फांदीवर आपटआपट आपटतो. खेकड्याच्या नांग्या अशाच झडतात.

आडोसा करून किमान १५ मीटरवर बसा, पण खरं अंतर पक्षीच सांगतो. भक्ष्य चोचीत धरून तो दहा मिनिटं डोकं खालीवर करत बसला आणि बिळात गेला नाही, तर तुम्ही जवळ आहात. गुपचूप मागे सरा. तेवढा वेळ आत पिलं उपाशी असतात.

फोटो नीट यावा म्हणून भोकासमोरची मुळं, नेचे छाटणं हा सर्वांत वाईट प्रकार. तोच आडोसा गेला की धामणीला, घोरपडीला भोक उघडं पडतं. दरडीच्या माथ्यावरूनही चालू नका. भिजलेली माती दबली की बोगदा आत बसतो. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवू नका, फ्लॅश नको. उजेड कमीच असणार, तेव्हा ट्रायपॉड लावा आणि आयएसओ वाढवा.