गणपतीत गोळा, दिवाळीत वाटप

यंदा आमच्याकडे खेळणी गोळा करायला सात नवीन मुलं आली आहेत. त्यातली चार राष्ट्रीय सेवा योजनेचे तास भरायला आलीत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मीही तशीच आले होते, वर्षाला 120 तास भरायचे म्हणून. पहिल्या मीटिंगला प्रत्येकाचा एकच प्रश्न असतो, "ताई, खेळणी कुठून आणायची?" खेळणी मिळतात हो. ज्यांना दिवाळीत वाटायची ती मुलं कुठे आहेत ते आधी बघा.

माझी सुरुवात 2021 ची. 22 जुलैला चिपळूण बुडालं, तेव्हा दापोलीहून आमच्या कॉलेजची तुकडी चिखल काढायला गेली होती. मदतीच्या ट्रकांतून कपडे एवढे येत होते की रस्त्याकडेला ढीग भिजत पडलेले. एका घरासमोर सहा-सात वर्षांचा मुलगा प्लास्टिकच्या ट्रकचं चाक बादलीत धूत बसला होता. बाकीचा ट्रक मिळालाच नव्हता, नुसतं चाक. त्याच दिवाळीला आम्ही पहिल्यांदा खेळणी वाटली, आणि चांगलीच फसलो.

फसलो ते मोजणीत. शाळेच्या पटावरून यादी केली, तेवढी पिशव्यांत भरली. वाटायला गेलो तर पटावर नसलेली मुलं समोर उभी. चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेली कुटुंबं झोपड्या करून राहतात, त्यांची मुलं पटावर असतात-नसतात. हर्णै बंदरात खलाशांची बिऱ्हाडं असतात. हातातली पिशवी एकाला दिली की दुसऱ्याच्या तोंडाकडे बघवत नाही. तेव्हापासून नियम केला: श्रावणात वाड्या फिरायच्या. अंगणवाडी सेविका, आशाताई आणि वाडीतला किराणावाला, या तिघांना विचारलं की यादी जवळजवळ पूर्ण होते. किराणावाल्याला सगळ्यात जास्त माहीत असतं, कारण उधारीची वही त्याच्याकडे. यादीत नाव, वय आणि घरात अजून किती लहान आहेत एवढंच लिहा. जात, उत्पन्न विचारत बसू नका. आपण काही दाखला देत नाही.

गोळा करायचं गणपतीत. हे आपल्याकडचंच गणित आहे, मुंबई-पुण्याच्या संस्थांना ते सुचणार नाही. चाकरमानी येतात ते भरल्या बॅगा घेऊन येतात, आणि मुंबईच्या घरात माळ्यावर पडलेली खेळणी त्यांना नकोशीच असतात. आषाढातच वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं: "गावी येताना खेळणी घेऊन या, कपडे नकोत." "कपडे नकोत" हे दोनदा लिहा, तरी कपडे येतातच. आरतीला घरोघर फिरतो तेव्हा पोतं सोबत ठेवायचं. गणपतीपासून दिवाळीपर्यंत साधारण दोन महिने मिळतात, निवडायला तेवढे लागतातच.

निवडणं हे खरं काम, आणि नवीन मुलं नेमकी इथेच कंटाळतात. तीन ढीग करायचे: चालू, दुरुस्त होणारं, भंगार. भंगाराच्या ढिगाला हात सैल ठेवा. "गरिबाला चालेल" हे वाक्य माझ्यासमोर कोणी बोललं तर मी त्याला चहा देऊन घरी पाठवते. एक डोळा नसलेली बाहुली आपल्या भाचीला देणार का? मग नको.

कापडी खेळणी पावसात वास मारतात, आत बुरशी धरते. ती सप्टेंबरात धुवू नका, वाळत नाहीत. ऑक्टोबरचं ऊन पडलं की रिठ्याच्या पाण्यात धुवायची आणि चांगली दोन-तीन दिवस उन्हात. चित्रकोड्यांचे तुकडे मोजायचे, सगळे, एकेक. हे काम संध्याकाळी गप्पा मारत होतं. एक तुकडा कमी निघाला तर भंगार.

सेलवरची खेळणी उघडून बघायचीच. आपल्या दमट हवेत जुना सेल फुटून पितळी पट्टी हिरवी झालेली असते. पॉलिश पेपरने घासली की बहुतेक वेळा चालते. देताना नवे पेन्सिल सेल घालून द्या आणि जोडीला दोन जादा, कारण वाडीतल्या दुकानात ते मिळतीलच असं नाही. बटण सेलवर चालणारं आणि स्क्रूने झाकण न लागणारं काहीही लहान मुलांच्या घरात जाता कामा नये. तो सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. तीन वर्षांखालच्यांसाठी आमच्याकडे एक डबी आहे, आतून सव्वा इंच रुंद, साधारण दोन इंच खोल. जो तुकडा न दाबता तिच्यात मावतो तो बाळाच्या घशातही मावतो. विकत घेणार असाल तर आयएसआय चिन्ह बघा, 1 जानेवारी 2021 पासून ते सक्तीचं आहे. बाळांची खेळणी कायम कमी पडतात. तेव्हा कोणी सावंतवाडीकडून येणारं असलं तर तिथल्या बाजारातून लाकडी खेळणी मागवतो. महाग पडतात, पण पाच वर्षं टिकतात.

पैशाचं थोडक्यात: रोख शक्यतो नकोच. टेम्पोचं डिझेल आणि सेल एवढाच खर्च, तो वहीत लिहून ग्रुपवर टाका.

आता वाटप. दुसऱ्या वर्षी एका मंडळाने स्टेज दिलं, माईक दिला, पाहुणे आणले. मुलं तीन तास उन्हात, भाषणं, मग रांग. शेवटच्या मुलांना उरलंसुरलं आलं आणि घरी जाताना रस्त्यातच मारामाऱ्या झाल्या. आईबाप कुंपणाबाहेर हात बांधून उभे, आपल्याच मुलाला परका माणूस काय देतोय ते बघत. मला ते फार लागलं.

आता आम्ही वसुबारसेच्या आधी, संध्याकाळी, शाळेच्या पडवीत दुकान मांडतो. बाकांवर वयाप्रमाणे खेळणी. मुलांना यायला बंदी. आठ-दहा पालक एका वेळी येतात, हातात घेऊन बघतात, निवडतात. प्रत्येक मुलामागे एक, आणि घराला मिळून सापशिडी किंवा पत्त्यांचा जोड. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळी बांधून द्यायचं. मुलांचे फोटो नाहीत, पालकांचेही नाहीत. देणगीदाराला दाखवायला रिकामे बाक पुरतात.

गेल्या वर्षी एका बाईने भातुकलीचा डबा उचलला, झाकण उघडून एकेक भांडं मोजलं. कढईचा कान तिने बोटाने दाबून बघितला, बाजारात घेताना बघतात तसाच. मग म्हणाली, "ह्यो तांदळाच्या डब्यात लपवते. चतुर्दशीला कारीट फोडलं की काढीन." तिची मुलगी कुठून आलं म्हणून विचारेल तेव्हा ती काय सांगणार, हे मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

तारीख मात्र हलवू नका. कातकरी वाड्यांवर दिवाळी झाली की वीटभट्टी-कोळसाभट्टीचे मुकादम येतात, उचल घेतलेली कुटुंबं मुलाबाळांसकट निघतात. भाऊबीजेनंतर गेलात तर कुलूपं दिसतील, तीही असली तर.

आणि एक पोतं राखून ठेवायचं. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं येतात ती दिवाळीनंतर, मोहोराच्या आसपास. त्यांची मुलं कुठल्याच यादीत नसतात. त्या पोत्यावर मी खडूने "बाग" लिहिते, जानेवारीत काढते. यंदाच्यात दोन बॅटी आहेत, लगोरी आहे, चेंडू मात्र तीनच. बागा उतारावर असतात, चेंडू खाली गेला की गेला. तेव्हा कोणाच्या माळ्यावर चेंडू असतील तर डझनभर तरी आणा.