हवा चढत नाही, की उतरते?

मुलाने फीनिक्समध्ये जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी घेतली. 2004 ची, 38 फूट लांब, डिझेल इंजिन मागच्या बाजूला. तिकडे अशा गाडीला ‘डिझेल पुशर’ म्हणतात. मी जानेवारीत पोचलो तेव्हा ती अंगणात उभीच होती. तिचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. पुढच्या आणि मागच्या हवेचा दाब दाखवणारे दोन्ही काटे 80 पर्यंत जायचे आणि तिथेच घुटमळायचे. तोवर त्याने नवा गव्हर्नर (हवा भरणं कधी थांबवायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह) बसवून पाहिला होता, आणि एका गॅरेजवाल्याने हवा भरणारा कॉम्प्रेसर बदलायचं एस्टिमेट दिलं होतं. आकडा डॉलरमध्ये असल्यामुळे मला आधी किरकोळ वाटला. मग गुणाकार केला.

मी एसटीच्या कोल्हापूरच्या वर्कशॉपमध्ये 31 वर्षं काढली. वर फ्रिज, सोफा, पलंग काहीही असो, गाडीच्या पोटात तेच असतं: कॉम्प्रेसर, हवेतला ओलावा काढणारा ड्रायर, टाक्या, पाइप, ब्रेक चेंबर. फरक मीटरचा. आम्ही दाब किलोत बोलायचो, इथे पीएसआय (चौरस इंचावर पौंड). 7 किलो म्हणजे साधारण 100, एवढं लक्षात ठेवलं की भागतं.

“आबा, पाना कुठला आणू?” मुलाने विचारलं. म्हटलं, आधी घड्याळ आण. हवा तयार होत नाही की तयार झालेली टिकत नाही, हे ठरल्याशिवाय एकही नट सैल करायचा नाही. हे दोन वेगळे आजार आहेत.

त्याआधी जिवाची काळजी. गाडी सपाट जागी घ्या आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, कारण तपासताना पार्किंग ब्रेक सोडावा लागतो. दुसरी गोष्ट आपल्याकडच्या जुन्या पाट्यांच्या गाड्यांवर काम केलेल्यांना पटकन सुचत नाही: ही गाडी हवेच्या बॅगांवर उभी असते. हवा गेली की अख्खी बॉडी खाली बसते, आणि खाली माणूस असेल तर त्याला सरकायलाही जागा उरत नाही. चासीखाली भक्कम स्टँड लावल्याशिवाय आत शिरू नका. नुसत्या जॅकवर किंवा गाडीच्या स्वतःच्या लेव्हलिंगवर विसंबू नका.

मग हवेच्या टाक्यांत साचलेलं पाणी काढा. दोरी ओढली की निघतं. नुसतं पाणी असेल तर ठीक. दुधाळ, चहासारखं आलं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय, आणि ते तेल ड्रायरमध्येही गेलेलं असणार.

आता हवा चढते कशी ते पाहा. इंजिन जरा चढ्या आरपीएमवर ठेवा. काटा 85 वरून 100 वर 45 सेकंदांच्या आत गेला पाहिजे. साधारण 125 ला गव्हर्नर कॉम्प्रेसरला थांबवतो आणि ड्रायर जोरात ‘फुस्स’ करतो. ब्रेक दाबून दाबून हवा उतरवली की 100 च्या आसपास भरणं पुन्हा सुरू होतं. आमच्याकडे फुस्स कधी झालंच नाही. इंजिन बंद केलं तर मागचा काटा जागचा हलेना, पुढचा मात्र मिनिटाला पाचने घसरायला लागला. म्हणजे दोन्ही आजार एकाच गाडीत. पाचची गळती कॉम्प्रेसरला भारी नाही, तेवढ्याने काटा 80 ला अडकत नाही. म्हणून आधी चढण्याकडे बघितलं.

इंजिन चालू ठेवून ड्रायरजवळ गेलो. खालच्या तोंडातून सतत हवा जात होती. ड्रायरच्या पुढे एकदिशा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे इंजिन बंद केल्यावर टाकीतली हवा या वाटेने परत येत नाही. काटा स्थिर दिसतो, कुठे गळती ऐकू येत नाही, आणि आळ कॉम्प्रेसरवर येतो. गॅरेजवाल्याचंही तेच झालं असावं.

पण ड्रायरचं ते तोंड उघडायचा हुकूम गव्हर्नरकडून बारीक पाइपने येतो. म्हणून दोष कुणाचा, हे त्या पाइपला विचारायचं. इंजिन बंद करून टाक्या शून्यावर आणल्या, पाइप ड्रायरकडून सोडवला, इंजिन पुन्हा चालू केलं आणि त्याच्या टोकाला बोट लावलं. (कॉम्प्रेसरकडून येणाऱ्या जाड पाइपला हात लावू नका, भाजतो.) काटा खाली असताना या बारीक पाइपात हवा आली तर गव्हर्नर खराब. आमच्यात काही नव्हतं. मग टाक्या पुन्हा रिकाम्या करून पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे ड्रायरचं ते खालचं तोंड उघडणारा व्हॉल्व्ह काढला. रबराच्या बैठकीवर पांढरी भुकटी आणि खडे. ड्रायरच्या काड्रिजमधले ओलावा शोषणारे दाणे फुटून तिथे अडकले होते. व्हॉल्व्हचं रबर नवं टाकलं, काड्रिजही बदललं. दोन-तीन वर्षांनी बदलायचं असतं ते. या गाडीत ते किती जुनं होतं, देव जाणे.

ड्रायर गप्प असता आणि गव्हर्नरही चांगला असता, तर मी कॉम्प्रेसरची हवा ओढायची नळी बघितली असती, मग पुढच्या पाइपातली काजळी. कॉम्प्रेसर सगळ्यात शेवटी.

आता 85 ते 100 ला 17 सेकंद लागले आणि शेवटी फुस्स झालं. मुलाने टाळ्या वाजवल्या. शेजारच्या गाडीतलं कुत्रं भुंकलं.

राहिला दुसरा आजार. 125 पर्यंत भरा, इंजिन बंद करा, पार्किंग ब्रेकचा पिवळा नॉब आत ढकला म्हणजे तो सुटतो. एका मिनिटात 2 पर्यंत उतार चालतो. मग ब्रेकचं पेडल पायाने दाबून धरा. पहिला झटका सोडून पुढच्या मिनिटात 3 पर्यंत. पिवळा नॉब ढकलल्यावरच गळत असेल तर स्प्रिंग ब्रेककडे (हवा गेली की स्प्रिंगने लागणारे पार्किंग ब्रेक) बघा. पाय दाबल्यावरच गळत असेल तर पायाचा व्हॉल्व्ह, रिले व्हॉल्व्ह, चेंबरचा पडदा. आणि रात्रभर उभी राहून सकाळी काटा शून्यावर दिसला म्हणून घाबरू नका. मिनिटाला 2 म्हणजे तासाला 120, म्हणजे नियमात बसणारी गाडीही सकाळी रिकामी असू शकते.

आमचा पुढचा काटा उतरत उतरत 70 ला थांबला. हे फार बोलकं होतं. सीट, हॉर्न असल्या जास्तीच्या कामांना हवा देताना मध्ये प्रोटेक्शन व्हॉल्व्ह असतो. हवा कमी झाली की तो बंद होतो आणि ब्रेकपुरती राखून ठेवतो. गळती ब्रेकमध्ये असती तर काटा असा मध्येच थांबला नसता. फ्रिज आणि पंखे बंद करायला लावले. हीटरच्या रबरी नळीचा हातभर तुकडा कानाला लावून ड्रायव्हरच्या सीटखाली फिरवला, तिथेच बारीक शिट्टी. साबणाचं पाणी मारल्यावर बुडबुडे आले. नायलॉनची नळी कुणीतरी चाकूने तिरकी कापून फिटिंगमध्ये खुपसली होती. हवा उतरवून टोक सरळ कापलं, पुन्हा दाबून बसवलं. खर्च शून्य.

मागच्या चेंबरचा स्प्रिंगवाला भाग मात्र कधीही उघडू नका. आतली स्प्रिंग सुटली तर माणूस मरतो. पूर्ण चेंबरच बदलायचं, तेही स्प्रिंग बोल्टने आवळून, आणि कधी केलं नसेल तर जाणकाराकडून.

रस्त्यात काटा पडला तर साधारण 60 च्या आसपास बझर वाजतो. तेव्हा पेडल उगाच दाबत बसू नका, प्रत्येक वेळी हवा जाते. लगेच कडेला घ्या. 45 ते 20 च्या दरम्यान स्प्रिंग ब्रेक आपोआप बसतात, आणि ते कुठल्या वळणावर बसतील ते तुमच्या हातात नसतं.

काड्रिजवर मार्करने तारीख टाकायला सांगितली. मुलाने अमेरिकन पद्धतीने महिना आधी लिहिला, मी आपल्या पद्धतीने वाचली. शेवटी पुसून महिना अक्षरात लिहवून घेतला.