अ‍ॅफिलिएट प्रोग्राम बंद झाला, फोटो काढले तरी कॉपीराइट नोटीस येतच होती: माझा अनुभव

माझ्या साइटवर एका कंपनीचा अ‍ॅफिलिएट प्रोग्राम होता (त्यांच्या वस्तूंच्या लिंक टाकायच्या, विक्री झाली की कमिशन), तो बंद झाल्यावर पोस्टमधले प्रॉडक्ट फोटो काढले, लिंक काढल्या, तरी नोटीस परत परत, जाम वैताग आला. शेवटी जमलं ते असं. आधी जुना करार काढून टर्मिनेशनचं कलम वाचलं, त्यात फोटो, लोगो, फीडमधलं (कंपनीकडून येणाऱ्या प्रॉडक्ट माहितीच्या यादीतलं) वर्णन वापरायची परवानगी करारासोबतच संपते असं स्पष्ट होतं. मग डेटाबेसमध्ये कंपनीचं इमेज डोमेन (त्यांचे फोटो ज्या वेब पत्त्यावरून येतात तो) आणि फीडची वाक्यं सर्च करून उडवली, नंतर मीडिया फोल्डरमधल्या मूळ फाइल्स आणि थंबनेल डिलीट केले, आणि सगळ्यात शेवटी सीडीएनची (साइटच्या फाइल्सच्या प्रती ठेवून झटपट दाखवणाऱ्या सर्व्हरची) कॅशे पर्ज केली, म्हणजे तिथे साठलेल्या प्रती पुसल्या (खरी गोम इथेच होती, पोस्टमधून काढलेला फोटो थेट लिंकवर उघडत होता). प्रत्येक यूआरएल ४०४ (म्हणजे 'सापडत नाही') देतेय बघून होस्टला (साइट ज्यांच्या सर्व्हरवर आहे त्या कंपनीला) यादी पाठवली, नोटीस बंद. स्वतः लिहिलेले रिव्ह्यू मात्र उडवू नका, करारात हक्क लिहून दिले नसतील तर ते तुमचेच.