यरीहोचे आंधळे : एक की दोन?

येशूनं यरीहो गावाजवळ आंधळ्याला दृष्टी दिली, ही गोष्ट बायबलमधली तीन शुभवर्तमानं (येशूच्या जीवनाची पुस्तकं) सांगतात: मत्तय, मार्क आणि लूक. पण आंधळे किती होते? कोल्हापुरात आमच्या घरगुती बायबल अभ्यासात यावर एकदा चहा गार होईपर्यंत वाद झाला. मत्तय (20:29-34) दोन आंधळे सांगतो. मार्क (10:46-52) आणि लूक (18:35-43) एकाचाच उल्लेख करतात. त्याचं नाव बार्तीमय, हे फक्त मार्क देतो. शिवाय मत्तय-मार्कात येशू यरीहोतून बाहेर पडतोय, लूकमध्ये गावाजवळ येतोय.

अशा वेळी वही आडवी धरा, तीन रकाने आखा आणि प्रत्येक वृत्तांत ओळीसमोर ओळ हातानं लिहून काढा. फोटोकॉपी नको, लिहिताना डोळा थांबतो. मग फरकांखाली लाल रेघ. अर्थ लावायची घाई त्या दिवशी करू नका.

आता विचारा: खरा विरोध आहे, की फक्त कमी सांगितलंय? रंकाळ्यावर दोन मित्र भेटले आणि घरी तुम्ही एकाचंच नाव घेतलंत, तर ते खोटं ठरत नाही. मार्कनं ‘एकच’ असं म्हटलेलं नाही. जाण्या-येण्याचा पेच मात्र अवघड. जुन्या यरीहोची टेकडी आणि हेरोद राजाच्या काळातली वस्ती वेगवेगळ्या जागी होत्या, त्यामुळे एकातून निघून दुसरीकडे जाताना हे घडलं असावं, असं काही अभ्यासक सुचवतात. मला ते शक्य वाटतं, सिद्ध नाही. म्हणून वहीत तिथं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह आहे.

तिन्ही रकाने कालवून चौथी गोष्ट तेवढी बनवू नका. लूकच्या शेवटी सगळे लोक देवाची स्तुती करतात, ते त्या मिसळीत हरवतं.