रोममधला शेवटचा दिवस असा घालवा

व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम फिरून झालं की शेवटच्या दिवशी नवं काही पाहायला धावू नका. बॅग आदल्या रात्रीच भरा आणि सकाळी, जिथे मन भरलं नव्हतं अशा एकाच ठिकाणी परत जा.

मी पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिरात गेलो. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा काँक्रीटचा घुमट, ४३ मीटर रुंद, आत लोखंडाची सळई नाही. माथ्यावर ९ मीटरचं उघडं भोक. त्यातून आलेला उन्हाचा गोल भिंतीवरून हळूहळू सरकतो. अर्धा तास तेवढंच पाहा. यवतमाळकडच्या आमच्या वावरात बाबा सावली पाहून न्याहारीची वेळ सांगायचे, तिथे बसल्यावर तेच आठवत राहिलं.

मग नळावर पाणी प्या. रोमच्या गल्लोगल्ली लोखंडी नळ अखंड वाहतात, त्यांना नाझोनी म्हणतात. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक छिद्रातून धार उडते, ओंजळ लागत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला त्या पाण्याचं मोल वेगळंच वाटतं.

तिथेच वही काढा. इमारतींची नावं कुठेही मिळतात. रस्ता कोणी दाखवला, कोणत्या गल्लीत भाजत्या पावाचा वास आला, घरच्यांना काय दाखवावंसं वाटलं, ते लिहा.

तेर्मिनी स्टेशनवरून फ्युमिचिनो विमानतळाची थेट गाडी ३२ मिनिटं घेते. तिकीट कागदी असेल तर गाडीत चढण्याआधी यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या. जागा खिडकीजवळची धरा. शहर संपलं की शेतं लागतात. मी वही मिटून तीच पाहत होतो.